सेलमधली एसएसडी घ्यावी का?

चिपळूणहून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. घरात एकच लॅपटॉप, तोही २०१५ साली मुलीच्या अब्बांनी कुवेतहून आणलेला. मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, धाकटा दहावीत. लॅपटॉप सुरू व्हायला आठ-दहा मिनिटे लागतात. शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना मध्येच अडकतो, वेळ संपल्याचे सांगतो आणि सगळे पहिल्यापासून भरायला लावतो. दुरुस्तीवाल्याने पाहिले आणि म्हणाला, "भाभी, हा भंगारात घाला, नवा घ्या." नव्याला चाळीस हजार. भिशीचा नंबर पुढच्या महिन्यात लागणार आहे, पण ते पैसे मुलीच्या फीसाठी राखून ठेवलेले. इकडे मोबाइलवर रोज जाहिरात दिसते : एक टेराबाइटची एसएसडी, सत्तर टक्के सूट. भगिनी विचारतात, ही घेतली तर लॅपटॉप चालेल का, की हेही पैसे पाण्यात जातील?

कीबोर्डवर अरबी अक्षरे असलेले असे लॅपटॉप कोकणात घरोघरी आहेत, आणि प्रश्न फक्त चिपळूणचा नाही. म्हणून या महिन्याची जागा आम्ही याच विषयाला देत आहोत. आमचे उत्तर आधीच सांगून टाकतो. लॅपटॉप बहुधा वाचेल. एसएसडी जरूर घ्यावी. पण सत्तर टक्क्यांची ती जाहिरात पाहून नव्हे.

आधी हे समजून घेऊ की लॅपटॉप रखडतो कशामुळे. त्या काळातल्या बहुतेक लॅपटॉपमध्ये माहिती साठवायला हार्ड डिस्क असते. आत चकचकीत तबकडी मिनिटाला ५४०० वेळा फिरते आणि एक बारीक दांडा तिच्यावर पुढे-मागे सरकत माहिती वाचतो. एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जाऊन नेमका तुकडा गाठायला त्याला एका सेकंदाचा सुमारे सत्तरावा भाग लागतो. ऐकायला हे काहीच नाही. पण विंडोज सुरू होताना अशा हजारो छोट्या फायली ठिकठिकाणाहून गोळा कराव्या लागतात. माळ्यावर डबे ठेवले आहेत, शिडी एकच आहे, आणि एक माणूस एकेक डबा उतरवून पुन्हा वर चढतो आहे, असे समजा. एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नसते. माहिती चिपांमध्ये असते, आणि कोणताही तुकडा शंभरपट कमी वेळात हाती येतो. म्हणून दहा मिनिटांचा लॅपटॉप अर्ध्या-पाऊण मिनिटात सुरू होतो. आमच्या पाहण्यात जुन्या लॅपटॉपला इतका फरक पाडणारा दुसरा एकही सुटा भाग नाही.

मात्र दोष डिस्कचाच आहे ना, हे घरच्या घरी पाहून घ्या. लॅपटॉप रखडलेला असताना कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात 'डिस्क'च्या रकान्यात १०० टक्के आणि 'सीपीयू'च्या रकान्यात पंधरा-वीस टक्के दिसत असतील, तर प्रोसेसर रिकामा बसून डिस्कची वाट पाहतो आहे. एसएसडीने तो मोकळा होईल. 'मेमरी' नव्वदच्या वर असेल तर रॅम अपुरी आहे. त्या काळच्या लॅपटॉपला ४ जीबी रॅम असायची आणि आजचा ब्राउझर एकटाच ती खाऊन टाकतो. अशा वेळी एसएसडीबरोबर रॅमची आणखी ४ जीबीची पट्टी बसवून घ्यावी. खोलायचा तर एकदाच खोलावा.

एसएसडीने काय होणार नाही, तेही मुलांना आधीच सांगून ठेवा. इंटरनेटचा वेग वाढणार नाही. प्रोसेसर आहे तोच राहील, त्यामुळे मोठे व्हिडिओ कापायचे-जोडायचे काम पूर्वीसारखेच जड जाईल. बॅटरी मेली असेल, बिजागरी तुटली असेल, कीबोर्डची चार बटणे लागत नसतील तर त्या सगळ्याचा खर्च एका कागदावर मांडा. बेरीज नव्या लॅपटॉपच्या किमतीच्या एक तृतीयांशाच्या वर जात असेल, तर जुन्यावर खर्च करू नये, असे आमचे मत आहे. बॅटरी फुगली असेल तर मात्र हिशेब बाजूला ठेवा आणि आधी ती काढून टाका. ती आग लावू शकते.

आणखी एक अडचण आहे, आणि दुकानदार ती क्वचितच सांगतात. विंडोज १० ची सर्वसाधारण मदत मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद केली. घरगुती वापरकर्त्यांना नोंदणी केल्यावर १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळण्याची सोय ठेवली आहे, तेवढीच. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-सोय लागते आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर, म्हणजे ढोबळमानाने २०१८ नंतरचा लॅपटॉप. २०१५ चा लॅपटॉप त्यात बसत नाही. कितीही महागडी एसएसडी घातली तरी ही अट बदलत नाही. काही दुरुस्तीवाले आडमार्गाने विंडोज ११ बसवून देतात. ते चालतेही, पण मायक्रोसॉफ्ट त्याची जबाबदारी घेत नाही आणि अपडेट कधी अडेल हे सांगता येत नाही.

मग उपाय? लिनक्स मिंट. ही संपूर्ण मोफत प्रणाली आहे, चोरीची नाही, आणि जुन्या यंत्रावर हलकी चालते. पेन ड्राइव्हवरून सुरू करून आधी पाहता येते, लॅपटॉपमधले काही न पुसता. ब्राउझर, पीडीएफ, मराठी आणि उर्दू टंकलेखन, वर्ड-एक्सेलच्या फायली उघडणारे लिब्रेऑफिस, ऑनलाइन वर्ग, सगळे त्यात होते. होत नाही ते असे : दुकानाचा टॅली, खास विंडोजसाठी बनवलेली सॉफ्टवेअर, आणि काही ऑनलाइन परीक्षांना लागणारा बंदिस्त ब्राउझर. त्यामुळे मुलीने आधी कॉलेजात विचारावे की अभ्यासक्रमात कोणते सॉफ्टवेअर लागते. उत्तर "ब्राउझर आणि वर्ड पुरे" असे आले तर हा लॅपटॉप पदवीपर्यंत आरामात साथ देईल. विंडोजचेच काही लागत असेल तर नोंदणी करून पुढचे काही महिने काढायचे आणि तोवर नव्याची तजवीज करायची, असा विचार करावा. तेव्हाही घेतलेली एसएसडी वाया जात नाही, ती काढून दुसरीकडे वापरता येते.

आता कोणती एसएसडी बसेल ते पाहू. सेलमध्ये सगळ्यात जास्त फसगत इथे होते, आणि त्यात फसवणारा कोणी नसतो. बाजारात मुख्यतः दोन आकार मिळतात. एक अडीच इंची, पत्त्यांच्या जोडाहून पातळ, चपट्या डबीसारखी. तिला साटा म्हणतात आणि जुन्या हार्ड डिस्कच्या जागी ती तशीच बसते. दुसरी एम डॉट टू, च्युइंगमच्या पट्टीएवढी उघडी पट्टी, साधारणपणे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब. या पट्टीतही पुन्हा दोन जाती आहेत, साटा आणि एनव्हीएमई. दोन्ही दिसायला जवळजवळ सारख्या, पण एकीच्या जागी दुसरी घातली तर लॅपटॉपला ती दिसतच नाही. २०१५ च्या लॅपटॉपला बहुधा अडीच इंचीच लागेल. २०१८-१९ च्या आसपासच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्क असते आणि शिवाय एम डॉट टूची एक जागा रिकामी सोडलेली असते. तिथे पट्टी घालून विंडोज तिच्यावर आणि फोटो जुन्या डिस्कवर, असे दोन्ही ठेवता येतात. लॅपटॉपच्या पाठीवरचा मॉडेल क्रमांक घेऊन कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहिले की नेमके कळते. आणि काही अगदी स्वस्त लॅपटॉपांत ३२ किंवा ६४ जीबीची ईएमएमसी साठवण मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते. ती बदलता येत नाही. तशा यंत्रासाठी काही विकत घेण्याआधी ते खोलून आत दुसरी जागा आहे का हे पाहावे लागते.

यातून एक फायद्याची गोष्ट निघते. साटा जोडणीतून सेकंदाला सुमारे ५५० एमबीपेक्षा जास्त माहिती जाऊच शकत नाही. तेव्हा जाहिरातीत ३५००, ७००० असे आकडे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असतील तर ती एनव्हीएमई आहे आणि आपल्या कामाची नाही. अडीच इंचीमध्ये सगळ्यांचा कागदावरचा वेग जवळपास सारखाच. वेगासाठी जादा पैसे मोजू नका. पैसे मोजायचे ते टिकाऊपणासाठी.

आता त्या सत्तर टक्क्यांकडे येऊ. सत्तर टक्के, पण कशाचे? आपल्याकडे पाकीटबंद मालावर एमआरपी, आयात करणाऱ्याचे नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी संपर्क छापावा लागतो, तसा २०११ चा नियमच आहे. पण एमआरपी म्हणजे याच्या वर विकू नये अशी कमाल किंमत. ती किती चढवून छापावी यावर कोणाचा हात धरता येत नाही. एसएसडीच्या डबीवरच्या एमआरपीला क्वचितच कोणी विकत घेते. म्हणजे सूट मोजायची काठीच वाकडी. त्यापेक्षा तोच मॉडेल क्रमांक दोन-तीन विक्रेत्यांकडे आज कितीला आहे ते पाहा आणि रुपयांची रुपयांशी तुलना करा. या चिपांचे भाव जगभरात एकदम वर-खाली होतात. २०२३ मध्ये ते कोसळले होते. २०२५ च्या शेवटाकडे एआयच्या डेटा सेंटरांनी माल उचलायला सुरुवात केली आणि भाव पुन्हा चढले. म्हणून आम्ही इथे किमतीचा आकडा देत नाही, अंक तुमच्या हाती पडेपर्यंत तो शिळा होईल. पण बाजारभाव चढलेला असताना कोणी निम्म्याहून कमी किमतीत एक टेराबाइट देत असेल तर खूश होण्याआधी जरा थांबावे.

थांबून काय पाहायचे? आतला माल. नँड चिपा बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या जगात मोजक्याच आहेत : सॅमसंग, एसके हायनिक्स, मायक्रॉन, किऑक्सिया, सॅनडिस्क, आणि चीनची वायएमटीसी. बाकीचे अनेक ब्रँड त्यांच्याकडून चिपा घेतात, कंट्रोलर जोडतात आणि आपली डबी चढवतात. मोहल्ल्यात चक्की एकच असते, पण प्रत्येक घरची भाकरी वेगळी, तसेच हे. त्यात वाईट काही नाही. फक्त अगदी स्वस्त मालात चिप कुठली, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते, आणि डबीवर नाव तेच ठेवून आतला माल बदललेला असू शकतो.

चिपेच्या एका कप्प्यात किती बिट कोंबले आहेत यावर तिची जात ठरते. तीन बिट असतील तर टीएलसी, चार असतील तर क्यूएलसी. चार कोंबले की तेवढ्याच पैशात जास्त जागा मिळते, पण कप्पा लवकर झिजतो आणि मोठी फाइल सलग लिहिताना वेग धपकन खाली येतो, कधीकधी जुन्या हार्ड डिस्कच्याही खाली. लग्नाच्या व्हिडिओचे पन्नास जीबी एका दमात टाकून पाहा, तेव्हा कळते. अर्ज, अभ्यास, ब्राउझर यांना क्यूएलसीही चालते. किमतीत थोडाच फरक असेल तर टीएलसी घ्यावी.

टिकाऊपणाचा छापील आकडा म्हणजे टीबीडब्ल्यू, आयुष्यभरात किती टेराबाइट लिहून होतील याची कंपनीने दिलेली हमी. सॅमसंगच्या ८७० ईव्हीओ या ५०० जीबीच्या एसएसडीला ३०० टीबीडब्ल्यू आणि पाच वर्षांची वॉरंटी आहे. क्रुशियलच्या बीएक्स ५०० या स्वस्त मालिकेतल्या ४८० जीबीच्या एसएसडीला १२० टीबीडब्ल्यू आणि तीन वर्षे. १२० ऐकून घाबरू नका. घरचा लॅपटॉप दिवसाला २० जीबी लिहितो असे धरले, आणि हे भरपूर झाले, तरी १२० टेराबाइट संपायला ६००० दिवस लागतात. सोळा वर्षे. तोवर लॅपटॉपच उरणार नाही. म्हणजे आकडा लहान असला तरी चालेल, पण तो छापलेला असला पाहिजे. ज्या एसएसडीच्या पानावर टीबीडब्ल्यूही नाही आणि वॉरंटी कोण देणार हेही नाही, तिला हात लावू नये.

एक टेराबाइट हवीच का, हाही प्रश्न आहे. मुलांचा अभ्यास आणि घरातली कागदपत्रे यांना ४८० किंवा ५०० जीबी रग्गड होतात. २४० मध्येही भागते, पण लवकर भरते, आणि काठोकाठ भरलेली एसएसडी मंदावते. (५०० ची घेऊन विंडोजमध्ये ४६५ दिसले की पुष्कळ जण दुकानात भांडायला जातात. कंपनी हजाराच्या हिशेबाने मोजते, विंडोज १०२४ च्या. चोरी झालेली नसते.)

चोरी होते ती वेगळ्याच तऱ्हेने, आणि हे नीट वाचा. गेल्या काही वर्षांत आठ, सोळा, तीस टेराबाइट असे लिहिलेल्या 'एसएसडी' अगदी मामुली किमतीत विकल्या गेल्या. लोकांनी खोलून पाहिल्या तेव्हा आत मोबाइलचे छोटे मेमरी कार्ड गोंदाने चिकटवलेले निघाले. त्यातला प्रोग्राम कॉम्प्युटरला खोटी जागा सांगतो. आपण फोटो टाकत राहतो, फायलींची नावे दिसतात, आकार दिसतो, कोणतीही तक्रार येत नाही. खरी जागा संपली की नवे फोटो जुन्यांच्या अंगावर लिहिले जातात किंवा हवेत जातात. कळते ते सहा महिन्यांनी, एखादा फोटो उघडायला गेल्यावर. पैसे गेल्याचे दुःख लहान. जुन्या डिस्कवरून निकाहचे फोटो, दादीचा आवाज असलेली चित्रफीत त्यावर टाकून मूळ डिस्क पुसलेली असेल तर ते कुठूनही परत येत नाही.

म्हणून घरी आल्यावर तपासणी करावी, आणि ती परतीची मुदत संपण्याच्या आत करावी. पाकीट फोडताना मोबाइलवर व्हिडिओ काढा, सीलपासून क्रमांकापर्यंत. एसएसडी जोडल्यावर क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचे मोफत सॉफ्टवेअर चालवा. ते ती किती तास चालली आहे आणि तिच्यावर एकूण किती लिहिले गेले आहे ते दाखवते. नवी असेल तर तास शून्याच्या आसपास हवेत. हजारांत असतील तर ती कोणाच्या तरी कॉम्प्युटरमधून काढून पुसलेली आहे. हा आकडाही बदलून ठेवणारे महाभाग आहेत, म्हणून पुढची चाचणीही करावी. एचटूटेस्टडब्ल्यू हे छोटे मोफत सॉफ्टवेअर एसएसडीची मोकळी जागा पूर्ण भरून लिहिते आणि लिहिलेले परत वाचून ताडून पाहते. वेळ लागतो, रात्री लावून झोपावे. सकाळी एकही चूक नसल्याचा निरोप दिसला की जागा खरी. लिनक्सवर हेच काम एफथ्री नावाचे सॉफ्टवेअर करते. चाचणीच्या फायली मग पुसून टाका. या एका चाचणीने एसएसडीचे आयुष्य कमी होईल ही भीती नको, वरचा सोळा वर्षांचा हिशेब आठवा.

घ्यायची कुठून? ऑनलाइन घेणार असाल तर विक्रेत्याचे नाव वाचा. मोठ्या संकेतस्थळावर विकणारा दर वेळी ते संकेतस्थळच असते असे नाही. मुंबईत कोणी असेल तर ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड आहेच. तिथे माल हातात घेऊन पाहता येतो आणि दोन दुकाने फिरून भावही होतो. पण तिथला एक संवाद ओळखून ठेवा. "बिल हवे असेल तर अमुक, बिन बिलाचे तमुक, खाला, आपल्यासाठी म्हणून सांगतो." ते वाचलेले चार पैसे म्हणजे तुमच्या वॉरंटीची विक्री आहे. १८ टक्के जीएसटी लावलेले पक्के बिल घ्या आणि त्यावर सिरियल क्रमांक लिहून घ्या. तोच क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून वॉरंटी दाखवते का, हे दुकानात उभे राहूनच पाहा. दुकानदार सच्चा असेल तर तो स्वतःच मोबाइल पुढे करतो. नंतर वाद झाला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, पण बिल नसेल तर तिथे सांगणार काय?

पत्रात असेही विचारले आहे की, मुलीचे अब्बा सुट्टीवर येणार आहेत, तिकडूनच मागवू का? तिकडे स्वस्त मिळाली तर मागवायला हरकत नाही. पण अनेक कंपन्यांची वॉरंटी विकल्या गेलेल्या देशापुरती किंवा प्रदेशापुरती असते. बिघडली तर ती पुन्हा कुवेतला पाठवावी लागेल. एवढ्याशा बचतीसाठी आम्ही ते करणार नाही.

आता स्क्रू फिरवण्याआधीचे काम, आणि हे त्या दुरुस्तीवाल्यावर सोपवू नका. दहा वर्षांच्या हार्ड डिस्कवर जे आहे ते आधी दुसरीकडे उतरवून घ्या : एखाद्या नातेवाइकाच्या कॉम्प्युटरवर किंवा उसन्या घेतलेल्या बाहेरच्या डिस्कवर. डेस्कटॉप, डाउनलोड्स, पिक्चर्स, डॉक्युमेंट्स, आणि 'डी' ड्राइव्ह असेल तर तोही. डिस्कमधून टक टक असा आवाज येत असेल तर लॅपटॉप पुन्हा पुन्हा चालू-बंद करू नका. फक्त सगळ्यात मोलाचे आधी काढा आणि बंद करा. नव्या लॅपटॉपांत बिटलॉकरचे कुलूप आपोआप लागलेले असते. त्याची रिकव्हरी की मायक्रोसॉफ्टच्या खात्यात सापडते, ती आधीच लिहून ठेवा.

पुष्कळ दुकानांत जुनी डिस्क जशीच्या तशी नव्यावर उतरवून देतात, त्याला क्लोन म्हणतात. क्लोनझिला या मोफत साधनाने ते होते, काही एसएसडी कंपन्याही त्यासाठी सॉफ्टवेअर देतात. पण दहा वर्षांचा कचराही जसाच्या तसा येतो. आमचा कल कोरी प्रणाली नव्याने बसवण्याकडे आहे. लॅपटॉपचे विंडोज अस्सल असेल तर त्याचा परवाना मदरबोर्डशी बांधलेला असतो. नव्या एसएसडीवर तीच आवृत्ती बसवून इंटरनेट जोडले की बहुधा तो आपोआप ओळखला जातो. त्यासाठी दुसरे पैसे मागणाऱ्याला कशाचे मागतोस म्हणून विचारा.

बसवायचे काम स्वतः अर्ध्या तासाचे. चार्जर काढायचा, बॅटरी सोडवायची, मागचे झाकण खोलायचे, जुनी डिस्क तिच्या पत्र्याच्या चौकटीसह काढायची, चौकट नव्या एसएसडीला लावायची. जुनी डिस्क साडेनऊ मिलिमीटर जाड असू शकते आणि एसएसडी सातची. मग ती आत हलते. त्यासाठी प्लास्टिकची पातळ चौकट पाकिटात येते किंवा सुटी मिळते. कॉलेजातली मुलगी हे निश्चिंत करू शकते, आणि एकदा केले की मोहल्ल्यातले लॅपटॉप तिच्याकडे येऊ लागतील. घरी धीर होत नसेल तर दुकानात मजुरी आधी ठरवून समोर बसून बसवून घ्या.

आणि जुनी डिस्क मागून घ्या. दुकानदार न सांगता ती बाजूच्या खोक्यात टाकतो, आपणही विसरतो. तिच्यावर घरातल्या बायका-मुलींचे फोटो आहेत, आधार आणि पासपोर्टच्या प्रती आहेत, बँकेचे कागद आहेत. फॉरमॅट मारला म्हणजे ते गेले असे समजू नका. झटपट फॉरमॅटने फक्त यादी पुसली जाते, माल जागच्या जागी असतो आणि साध्या सॉफ्टवेअरने परत काढता येतो. डिस्क मेलेली असली तरी घरी आणा.

चालू असेल तर तिच्यासाठी यूएसबीची अडीच इंची डबी घ्या, ती फार महाग नसते. मग तीच घरची दुसरी प्रत होते. एसएसडी मरते तेव्हा हार्ड डिस्कसारखी आवाज करून इशारा देईलच असे नाही, आणि तिच्यावरून पुसलेले परत मिळणे कठीण असते. त्यामुळे मोलाचे ते दोन ठिकाणी हवे. उलट, एसएसडीला फोटोंची पेटी समजून वर्षानुवर्षे कपाटात बंद ठेवू नये, वीज न मिळता तिच्या चिपांतला भार हळूहळू उतरतो. कपाटात ठेवायची ती जुनी हार्ड डिस्क. तीही आता वयस्क आहे, म्हणून तिच्यावर जे आहे ते तिच्या एकटीवर ठेवू नका. चिकटपट्टी लावून त्यावर काय आहे आणि कोणत्या तारखेला उतरवले ते लिहा, आणि रमजानच्या आधी घर आवरायला काढता तेव्हा ती एकदा लॅपटॉपला जोडून चार-दोन फोटो उघडतात का, ते पाहून पुन्हा जागच्या जागी ठेवा.